वेगाची हौस आणि ब्रेकचा विचार

बडोद्याच्या जुन्या शहराला चार दिशांना चार दरवाजे आहेत. पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडी आणि पश्चिमेस आपला लहरीपुरा. मध्यभागी मांडवी. या लहरीपुऱ्याच्या कमानींखालून गेल्या काही पिढ्यांत हत्ती गेले, पालख्या गेल्या, टांगे गेले, सायकली व स्कूटर गेल्या आणि आता रिक्षा व मोटारी जात आहेत. वाहने बदलली, त्यांचा दम वाढला. परंतु दरवाजापाशी आल्यावर प्रत्येकाला आपली चाल आवरावी लागते. घोडा असो वा इंजिन, कमानीच्या रुंदीत काही फरक पडत नाही.

हा विचार मनात येण्याचे कारण म्हणजे याच लहरीपुऱ्याच्या आतल्या गल्लीत राहणाऱ्या एका वाचकभगिनीचे आम्हांस आलेले पत्र. त्यांचे चिरंजीव येथील टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून इंजिनिअर झाले असून मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. साठवलेल्या पगारातून त्यांनी दोन दारांची एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतली. गल्लीत ती शिरत नाही, म्हणून मांजलपुरात एका मित्राच्या अंगणात उभी असते. इथपर्यंत सारे ठीक होते. आता चिरंजिवांना त्या गाडीला टर्बो, मोठ्या तोंडाचा सायलेन्सर आणि आणखी काही खास भाग बाहेरून मागवून बसवावयाचे आहेत. खर्च अडीच लाखांचा. वडील म्हणतात, ‘चांगल्या गाडीची आतडी बाहेर काढण्याचे हे वेड कुठले?’ मुलगा म्हणतो, ‘तुम्हांला त्यातले कळत नाही.’ महिनाभर बापलेक एका पंगतीस बसलेले नाहीत. बाई विचारतात: ‘हे वेड आहे की विद्या? आणि मी कोणाची बाजू घेऊ?’

प्रश्न घरगुती आहे आणि म्हणूनच आमच्या कक्षेतला आहे. पहिल्या भागाचे उत्तर आम्ही आधीच देऊन टाकतो. ही विद्या आहे. पण विद्येचेही वेड होऊ शकते, आणि ते केव्हा होते हे समजून घेण्यासाठी थोडा इतिहास आणि थोडे यंत्रशास्त्र पाहावे लागेल.

कारखान्याने दिलेल्या यंत्रावर समाधान न मानता त्यातून अधिक काही काढणे, ही हौस मोटारीइतकीच जुनी आहे. इटलीत कार्लो आबार्थ या व्हिएन्नात जन्मलेल्या गृहस्थाने १९४९ साली आपली संस्था काढली. फियाटच्या साध्यासुध्या छोट्या गाड्या घ्यावयाच्या आणि त्यांना चपळ करावयाचे, हा त्याचा उद्योग. कार्ब्युरेटर, सायलेन्सर व इतर भाग एका पेटीत घालून तो विकत असे. गिऱ्हाइकाने ती पेटी न्यावी आणि आपल्या गाडीचा कायापालट करून घ्यावा. फियाट ५०० चे ४९९ घन सेंटिमीटरचे इंजिन त्याने ५९४ पर्यंत वाढविले आणि १९६३ साली त्याच धर्तीची ‘५९५’ बाजारात आणली. पुढे १९७१ साली फियाटने त्याची संस्थाच विकत घेतली. ज्या ‘फियाट’ने आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघून दोन पिढ्यांच्या लग्नाच्या वराती वाहिल्या, तिच्याच इटलीतील भावंडांची ही कथा. आपल्याकडील फियाट ११०० सुद्धा मागे राहिली नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ज्या शर्यती होत, त्यांत कसबी मिस्त्र्यांच्या हातून गेलेल्या फियाट गाड्या अशा काही पळत, की बाजारात भाजी आणणारी गाडी ती हीच का, असा प्रश्न पडावा.

मराठी माणसाचा या हौशीशी आलेला संबंध पाहावयाचा तर इंदूरला जावे. तेथील महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांची मोटारींची पारख जगप्रसिद्ध होती. १९३० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग ही गाडी घेतली आणि तिच्यावरील साज लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून चढवून घेतला. ती ‘एस. जे.’ जातीची. साध्या ‘जे.’ गाडीची शक्ती कारखाना २६५ अश्वशक्ती सांगे. इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर बसविल्यावर तीच ३२० सांगितली जाई. म्हणजे आमच्या वाचकभगिनीचे चिरंजीव मांजलपुरात जे करू पाहतात, त्याचा राजेशाही अवतार नव्वद वर्षांपूर्वी एका मराठी संस्थानिकाच्या दारात उभा होता. मात्र त्या गाडीच्या जन्मकथेतील दुसरे पानही वाचले पाहिजे. तिचा जनक फ्रेड ड्यूसेनबर्ग हा १९३२ च्या जुलैत अशीच सुपरचार्जर लावलेली गाडी स्वतः चालवीत असता अपघातात सापडला आणि त्या दुखण्यातून उठलाच नाही. ज्याने ती शक्ती निर्माण केली, ज्याला तिचा प्रत्येक स्क्रू ठाऊक होता, त्यालाही तिने सोडले नाही.

आता ही शक्ती वाढते कशी, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, अधिक पेट्रोल ओतले म्हणजे गाडी अधिक पळते. ते अर्धेच खरे आहे. एक भाग पेट्रोल पुरते जळावयास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा होते. तेव्हा इंजिन म्हणजे मुळात हवेचा भाता होय. पेट्रोल वाढविणे सोपे. अवघड आहे ती हवा आत घेणे आणि जळल्यावर तितक्याच तत्परतेने बाहेर घालविणे. खास भागांचा सारा बाजार या एका गोष्टीभोवती उभा आहे. मोकळा श्वास घेणारी हवेची गाळणी, आतून घासून गुळगुळीत केलेले मार्ग, व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट, कमी अडविणारा सायलेन्सर, हे सर्व भात्याचा श्वास मोकळा करण्याचे उपाय. टर्बो त्याहून धीट. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर तो एक चक्र फिरवितो आणि त्या चक्राच्या बळावर हवा दाबून आत कोंबतो. होळकरांच्या गाडीतील सुपरचार्जर हेच काम इंजिनाच्या स्वतःच्या फिरण्यातून करीत असे. आजच्या गाड्यांत किती पेट्रोल द्यावयाचे आणि ठिणगी केव्हा पाडावयाची, हे एक छोटा संगणक ठरवितो. त्यातील आकडे बदलूनही शक्ती वाढविता येते.

परंतु यंत्रशास्त्रात फुकट काही मिळत नाही. कॅमशाफ्ट बदलून वरच्या फेऱ्यांत जोर आणला, तर खालच्या फेऱ्यांतला जोर सहसा जातो. अशी गाडी मोकळ्या रस्त्यावर गरुड होईल, पण लहरीपुऱ्यापासून मांडवीपर्यंत संध्याकाळच्या गर्दीत आचके देत राहील. टर्बोने हवा दाबली की ती तापते. म्हणून ती थंड करणारे दुसरे यंत्र हवे. दाब वाढला की इंधन वेळेआधी पेटून पिस्टनवर घाव बसू लागतात, म्हणून पेट्रोलचा पुरवठा आणि ठिणगीची वेळ दोन्ही बदलावी लागतात. शक्ती वाढली की जुना क्लच घसरतो, मग क्लच नवा. क्लचने पकडले की गिअरबॉक्स कुरकुरतो. रेडिएटर पुरेनासा होतो. नालेसाठी घोडा घेणाऱ्या गृहस्थाची गोष्ट आपण मुलांना हसत हसत सांगतो. गॅरेजमध्ये मात्र तो गृहस्थ रोज भेटतो. अडीच लाखांचा अंदाज घेऊन निघालेल्याला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणजे काय, हे वर्षभरात कळते. तेव्हा वडिलांची खर्चाबद्दलची धास्ती अगदीच अनाठायी नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आम्ही चिरंजिवांनी शांतपणे वाचावी अशी इच्छा करतो. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्या अंगातील गतीची शक्ती दुप्पट होत नाही, ती चौपट होते. हे शाळेतले सूत्र आहे, पण रस्त्यावर ते फुटाने आणि हाताने मोजले जाते. ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीपुढे एखादे मूल आले, तर चालकाला ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे सरकते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने ती थांबावयास आणखी सुमारे १४ मीटर. म्हणजे एकूण २८. आता वेग १०० करा. पहिल्या सेकंदात २८ मीटर गेले, आणि थांबावयास आणखी सुमारे ५५. एकूण ८३ मीटर. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ तिप्पट. टर्बोने यातला एक मीटरही कमी होत नाही. कमी होतो तो चांगल्या टायरांनी, चांगल्या ब्रेकने आणि मुख्यतः चालकाच्या डोक्याने.

हे मर्म ज्यांना उमगले होते, त्यांचे उदाहरण याच विद्येच्या इतिहासात आहे. इंग्लंडमधली मिनी ही छोटी गाडी १९५९ साली निघाली, तेव्हा तिची शक्ती ३४ अश्वशक्ती होती. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांनी तिच्यातील दडलेले गुण हेरले आणि १९६१ साली मिनी कूपर आली. तिची शक्ती ५५. पण कूपर तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या चाकांना त्यांनी त्या काळी छोट्या गाडीत दुर्मीळ असलेले डिस्क ब्रेक बसविले. पळण्याची ताकद वाढविली त्याच दिवशी थांबण्याचीही वाढविली. तिच्याच वंशातील गाड्यांनी १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची खडतर रॅली जिंकून थोरामोठ्या गाड्यांना मागे टाकले. बर्फाळ घाटातील वळणांवर जिंकतो तो नुसता पळणारा नव्हे, तर योग्य जागी आवरणारा.

आपल्या बडोद्याला हे तत्त्व परके नाही. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या परंपरेत वाढलेल्या कोणाही जुन्या माणसास विचारा. तो सांगेल की, नुसते दंड फुगविणाऱ्या पोरापेक्षा पायांत बळ आणि श्वासावर ताबा असलेला पोर कुस्तीत टिकतो. गाडीचे इंजिन म्हणजे दंड, आणि टायर, ब्रेक व स्प्रिंगा म्हणजे पाय. आमच्या मते स्पोर्ट्स कारवर पैसा खर्च करावयाचाच असेल तर त्याचा क्रम असा असावा: प्रथम चांगले टायर, मग ब्रेकचे पॅड व ताजे ब्रेक ऑइल, मग झिजलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर व रबरी बुश, मग इंजिनाची कसून देखभाल. एवढे झाल्यावर गाडी जी काही होईल, ती पुष्कळांना नव्याने भेटल्यासारखी वाटेल. इंजिनाची शक्ती वाढविण्याचा प्रश्न त्यानंतर. बाजारातील हौस नेमकी उलट्या क्रमाने चालते. तिची सुरुवात सायलेन्सरपासून होते, कारण ब्रेक कोणाला ऐकू जात नाही आणि सायलेन्सर तीन गल्ल्यांना ऐकू जातो. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण रचणाराने असा सायलेन्सर ऐकला नव्हता हे त्याचे भाग्य.

आता कायद्याची बाजू. लहरीपुऱ्याशेजारीच १८९६ साली उभे राहिलेले न्यायमंदिर आहे. कचेऱ्या २०१८ साली तेथून हलल्या, पण कायदा कोठे गेलेला नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमाचा आशय असा की, नोंदणीपुस्तकात लिहिलेला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. मान्यताप्राप्त गॅस किट बसविण्यासारख्या बदलांना वाट ठेवलेली आहे, पण तीही परिवहन कचेरीत नोंद करूनच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने मालकास अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. चांगले टायर, चांगले पॅड हे देखभालीत येतात. टर्बो त्यात येत नाही. शिवाय विम्याचा प्रश्न आहे. न कळविता बदललेल्या गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनी प्रथम गाडीचे बॉनेट उघडून पाहते. अशा वेळी भरपाईचा बोजा घरावर, म्हणजे वडिलांच्या निवृत्तीच्या पुंजीवर येऊ शकतो. चिरंजिवांनी ‘माझा पगार, माझी गाडी’ असे म्हणण्यापूर्वी याचा विचार करावा.

गेल्या काही वर्षांत जे घडले ते कोणी विसरलेले नाही. जुलै २०२३ मध्ये अहमदाबादेच्या इस्कॉन पुलावर एका भरधाव मोटारीने नऊ जणांचे प्राण घेतले. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण इंजिनिअर गेले. आणि मार्च २०२५ मध्ये, होळीच्या रात्री, आपल्याच कारेलीबागेत एका भगिनीचा बळी गेला व अनेक जण जखमी झाले. या गाड्यांना आणखी शक्तीची गरज होती असे कोणी म्हणणार नाही. शक्ती कमी पडल्यामुळे रस्त्यावर कोणी मेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. या तिन्ही शहरांत मराठी घरे आहेत, आणि दुर्दैवाने दोन्ही बाजूंना, म्हणजे गाडीच्या आत आणि गाडीसमोर, आपलीच मुले असू शकतात. पत्र लिहिणाऱ्या माउलीच्या पोटात जो गोळा उठतो, तो अज्ञानाचा नव्हे.

मग काय, हौस मारून टाकावी? आमचे मत तसे नाही. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांसारख्या माणसाच्या हाती ते सोपविले, त्या शहराने यंत्राशी खेळणाऱ्या पोरास वेडा म्हणू नये. हात काळे करून शिकण्यात कमीपणा नाही, हाच तर त्या संस्थेचा धडा होता. आज हे चिरंजीव ज्या फॅकल्टीचे पदवीधर आहेत, तिचे मूळ त्याच कलाभवनात आहे. दक्षिणेत कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुतीचे तीन सिलिंडरचे साधे इंजिन घेऊन ‘फॉर्म्युला मारुती’ ही एका माणसाची शर्यतगाडी बांधली आणि सामान्य घरातील पुष्कळ तरुणांना शर्यतीचे दार उघडून दिले. हेही ‘खास भागांचेच’ काम. फक्त ते योग्य जागी झाले.

जागा हीच येथे कळीची गोष्ट आहे. वाढविलेली शक्ती सार्वजनिक रस्त्याची नव्हे, ती शर्यतीच्या बंद मार्गाची आहे. कोइमतूर, चेन्नई आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे असे मार्ग आहेत. तेथे मोटर क्रीडेच्या राष्ट्रीय महासंघाच्या परवान्याने, डोक्यावर शिरस्त्राण, अंगात आगीपासून वाचविणारा पोशाख आणि कडेला रुग्णवाहिका अशा व्यवस्थेत गाडी पळविता येते. अहमदाबाद-वडोदरा द्रुतगती मार्गाचे ९३ किलोमीटर पहाटे मोकळे दिसतात म्हणून तो शर्यतीचा मार्ग होत नाही. त्यावरून कोणीतरी आईला इस्पितळात घेऊन जात असते.

तेव्हा वाचकभगिनीस आमचे सांगणे असे. आपण कोणाचीच बाजू घेऊ नये, दोघांना एका कामाला लावावे. वडिलांनी एका रविवारी मुलाबरोबर मांजलपुरास जावे आणि गाडीचे बॉनेट उघडून ‘हे काय, ते काय’ असे विचारावे. ज्या मुलाला ‘तुम्हांला कळत नाही’ म्हणावयाची सवय लागली, त्याला समजावून सांगण्याची संधी मिळाली की त्याचा निम्मा ताठा उतरतो. मुलाने अडीच लाखांपैकी पहिला हिस्सा टायर, ब्रेक आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांवर घालावा. दुसरा हिस्सा शर्यतीच्या मार्गावर रीतसर शिक्षण घेण्यास ठेवावा. गाडीपेक्षा चालकाची शक्ती वाढविणे स्वस्त पडते, आणि ते कोणत्याही कलमाखाली गुन्हा ठरत नाही. एवढे करूनही वर्षभराने टर्बोची इच्छा उरलीच, तर बंद मार्गासाठी वेगळी गाडी मित्रांनी मिळून बांधावी. ती ट्रकवर घालून न्यावी, आणि घरची गाडी जशी आहे तशी ठेवावी. वडिलांनी त्या दिवशी अवश्य बरोबर जावे. मुलाच्या हातचे कसब पाहताना बापाला जो अभिमान वाटतो, त्याची किंमत कोणत्याही भागाच्या पावतीवर लिहिलेली नसते.

एक शेवटची गोष्ट चिरंजिवांसाठी. शर्यतीत उत्तम चालक कोण, हे जाणकार सरळ रस्त्यावर ठरवीत नाहीत. तेथे कोणीही पाय दाबू शकतो. ते वळणाच्या आधी पाहतात, जेथे ब्रेक लावावयाचा असतो. किती उशिरा, किती नेमका आणि किती शांतपणे, यावर माणूस ओळखला जातो. संसारातही याहून वेगळे नसते.